टाकी अर्धी झाली की भरायलाच हवी?

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज ठरावीक दिवसांनी परत उगवतो. पेट्रोलच्या धंद्यात हयात घालवलेल्या कुणा अनुभवी माणसाच्या नावाने तो फिरतो आणि बजावतो की टाकी कधीही अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. कारणं चार दिलेली असतात: रिकाम्या जागेत पेट्रोल उडून जातं, टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा फ्युएल पंप उघडा पडून जळतो, तळाचा गाळ इंजिनात ओढला जातो आणि हवेतल्या दमटपणाचं टाकीत पाणी होतं. चारही कारणांत थोडंफार तथ्य आहे, म्हणूनच मेसेज इतकी वर्षं टिकलाय. पण त्या तथ्यावरून नेमकी 'अर्धी' ही रेघ कशी निघाली, ते कुणीच सांगत नाही.

आधी उडून जाण्याचं बघू. पुरावा म्हणून तेल कंपन्यांच्या साठवण टाक्यांचं उदाहरण दिलेलं असतं. त्यांच्यात म्हणे तरंगतं छप्पर असतं, पेट्रोलवर मोकळी जागाच राहू नये म्हणून. हे अगदी खरं आहे. ते छप्पर पातळीबरोबर वरखाली होतं. पण त्या टाक्या प्रचंड मोठ्या असतात, उन्हात उभ्या असतात, त्यांच्यात भरणं-उपसणं सतत चालू असतं आणि प्रत्येक भरण्याला वरची वाफ बाहेर ढकलली जाणार असते. गाडीची टाकी बंद असते. झाकण लावलं की वाफेला एकच वाट उरते, नळीतून चारकोल कॅनिस्टरकडे, म्हणजे कोळसा भरलेल्या डब्याकडे. तिथला कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह नावाची झडप उघडून ती सिलिंडरमध्ये ओढली जाते, जळते. म्हणजे वाफ झालेलं पेट्रोलसुद्धा बहुतांशी गाडीच चालवतं.

आकडा हवा असेल तर असा. ४० लिटरची टाकी जवळजवळ रिकामी आहे आणि ३० अंश सेल्सियसला जेवढी मावेल तेवढी वाफ तिच्यात भरली आहे, असं धरा. ती सगळी परत द्रव केली तर १०० मिलिलिटरही भरत नाही. आणि तेवढी झाली की बाष्पीभवन पुढे सरकत नाही, कारण जागा संपृक्त झालेली असते. उरला भरतानाचा तोटा. नोझलमधून जितके लिटर आत जातात तितकीच वाफ बाहेर ढकलली जाते. ४० लिटर एकदम भरा नाहीतर वीस-वीस करून दोनदा भरा, बेरीज तीच. अर्ध्यावर भरल्याने वाचतं काय? काहीच नाही, उलट झाकण दोनदा उघडावं लागतं.

पंपाचा मुद्दा मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण तो चांगले जाणते मेकॅनिकही सांगतात. इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळायला कार्ब्युरेटर असायचा त्या जमान्यात पंप बहुधा इंजिनावर बसवलेला असायचा, टाकीतल्या पातळीशी त्याला देणंघेणं नव्हतं. पेट्रोल दाबाने फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं आणि इलेक्ट्रिक पंप टाकीच्या आत गेला. तो पेट्रोलनेच थंड राहतो, हे बरोबर आहे. पण कसा? बाहेरून पेट्रोलमध्ये बुडालेला असल्यामुळे थोडाफार, आणि मुख्यतः पेट्रोल त्याच्या आतून वाहत असल्यामुळे. खालून शिरलेलं पेट्रोल मोटरच्या फिरत्या भागाला (आर्मेचर) आणि त्याला वीज पोचवणाऱ्या ब्रशना चाटून वरून बाहेर पडतं. (ब्रशच्या ठिणग्या पेट्रोलमध्येच उडतात हे ऐकून पहिल्यांदा सगळेच दचकतात. आत हवा नाही, त्यामुळे पेट घेण्याचा प्रश्न येत नाही.) तेव्हा पंपाच्या तोंडाशी पेट्रोल आहे तोवर तो थंड होत राहतो. वर आणखी अर्धी टाकी आहे की नाही, याने फारसा फरक पडत नाही.

आणि तोंडाशी पेट्रोल राहावं याची सोय केलेली असते. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटची बैठक उचलली की खाली एक झाकण दिसतं. ते काढून, लॉक रिंग फिरवून पंपाचं मॉड्यूल वर खेचलं तर हातात एक प्लास्टिकचं डबडं येतं. बाजूला पातळी मोजणाऱ्या फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) तार, बुडाशी जाळी आणि डबड्याच्या आत उभा पंप. टाकीत थोडंसंच पेट्रोल असलं तरी या डबड्यात ते साठलेलं असतं. मॉड्यूल काढताना जरा तिरकं झालं की हातावर, सीटवर सांडतं, म्हणून मेकॅनिक आधी फडकं अंथरून ठेवतो. डबडं भरतं कसं? पंपाने ढकललेल्या पेट्रोलचा थोडा भाग बारीक छिद्रातून जोरात सोडतात आणि तो झोत आजूबाजूचं पेट्रोल ओढून आत आणतो. काटा अर्ध्यावर असो की पाववर, पंपाचा संसार त्या डबड्यातच चाललेला असतो. अर्थात आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टाकीच्या तळाला शेवटचे काही लिटर उरले, त्यात गाडी चढाला लागली किंवा जोरात वळली, की झोताला ओढायला काही मिळत नाही आणि पंप हवा गिळायला लागतो.

आता यातली खरी बाजू. पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त पेट्रोल ढकलतो आणि उरलेलं टाकीत परत येतं, येताना थोडी उष्णता घेऊन. ३० लिटरमध्ये ती उष्णता कुठच्या कुठे जाते, ५ लिटरमध्ये जाणवते. तापलेल्या पेट्रोलमध्ये बुडबुडे लवकर धरतात आणि पंपाला त्रास होतो. म्हणून कडक उन्हात तासन्‌तास रिझर्व्हवर गाडी हाकण्याची सवय वाईट, हे मान्य. पण हे संकट रिझर्व्हच्या दिव्याच्या आसपासचं आहे. फार तर पाव टाकीला सावध राहा म्हणा. अर्धी टाकी ही साप समजून भुई धोपटण्यातली गत झाली. शिवाय दोष देण्याची पद्धत बघा. टाकी कमी असताना पंप गेला तर कारण टाकी, आणि फुल टाकीवर गेला तर 'जुना झाला होता'. असा हिशेब ठेवला की कुठलाही समज खरा ठरतो.

गाळाबद्दल फार लिहायला नको. पंपाची जाळी कायम तळालाच टेकलेली असते. टाकी फुल असतानाही पेट्रोल तळातूनच उचललं जातं, वरची साय काढून घेण्याची सोय कुठल्याच गाडीत नाही. गाळ असेल तर तो पहिल्या दिवसापासून जाळीपाशी आहे, आणि गाडी चालताना ढवळलाही जातोच. जुन्या पत्र्याच्या टाक्या आतून गंजायच्या, तेव्हा या भीतीला अर्थ होता. आता बहुतेक टाक्या प्लास्टिकच्या असतात.

पाण्याचंही तसंच. ३० अंशांच्या अगदी दमट हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे ४० लिटरच्या सबंध रिकाम्या टाकीतल्या हवेत सव्वा ग्रॅमच्या आत. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने टाकी 'श्वास' घेते तो त्यातल्या थोड्याच हवेचा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल एवढं पाणी सहज पोटात घेतं आणि ते जळून जातं. अपवाद दोन: महिनोन्‌महिने उभी ठेवायची गाडी आणि डिझेल. डिझेल पाणी जवळजवळ सामावून घेत नाही, ते तळाला बसतं आणि त्यात जंतूंची वाढ होऊन फिल्टर तुंबतात. गाडी लांबच्या मुदतीसाठी उभी करणार असाल तर टाकी भरून ठेवा, तिथे मेसेज बरोबर आहे.

मग रेघ कुठे? पेट्रोल संपून इंजिन धक्के खाऊ लागतं, तिथे. कारण अर्धवट पेटलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जातं, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो प्रमाणाबाहेर तापून खराब होऊ शकतो. पंपापेक्षा तो महाग भाग आहे आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नसतं. डिझेल गाडीत तर मुळीच टाकी संपू देऊ नये. आजच्या डिझेल इंजिनांतल्या 'कॉमन रेल' यंत्रणेच्या हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. तो कोरडा फिरला की झिजतो, आणि झिजलेल्या धातूचे कण पुढे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातात. लाइनमध्ये हवा शिरते ती वेगळी, नुसतं डिझेल ओतून गाडी लगेच चालू होईलच असं नाही. त्यात इंजिन बंद पडलं की ब्रेकला बूस्टरची (पेडलचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची) मदत एकदोन दाबांपुरतीच उरते, स्टिअरिंग जड होतं, आणि हे सगळं वाहत्या रस्त्याच्या मधल्या लेनमध्ये घडतं.

अर्ध्यावर भरण्याची कारणंही आहेत, पण ती टाकीच्या आतली नाहीत. पुढचा पेट्रोल पंप किती लांब आहे, रात्री उघडा असेल का, वाटेत बर्फ किंवा तासन्‌तासांचा खोळंबा होऊ शकतो का, गाडीत लहान मुलं आहेत का. अशा वाटेवर मी स्वतः पाऊण टाकीलाही भरतो. रोजच्या घर-ऑफिसच्या फेरीत पाववर आली तरी ढुंकून बघत नाही.

उलट टोकाचे लोकही भेटतात: टाकी हलकी ठेवा, मायलेज वाढतं. २० लिटर पेट्रोलचं वजन १५ किलोच्या आसपास. हजारावर किलोच्या गाडीत तो फरक ट्रॅफिकच्या एका सिग्नलमध्ये बुडतो. आणि 'उरलेल्या पेट्रोलवर किती जाईल ते डॅशबोर्डवर शून्य किलोमीटर दाखवल्यावरही गाडी बरीच चालते' यावर पैजा लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की तो आकडा मागच्या काही अंतराच्या सरासरीवरून काढलेला असतो. सपाट मोकळ्या रस्त्यावरची सरासरी घेऊन घाट चढायला लागलात की तो भराभर उतरतो. फ्लोटही उतारावर एकीकडे झुकून चुकीची पातळी दाखवतो.

या मेसेजमुळे होणारं एक नुकसान राहिलं. टाकीत रिकामी जागा वाईट, असं एकदा डोक्यात बसलं की माणूस नोझल टक्‌ करून थांबल्यावरही 'अजून थोडं, अजून थोडं' म्हणत गळ्यापर्यंत भरून घेतो. वरची ती जागा पेट्रोल तापून फुगेल म्हणून मुद्दाम सोडलेली असते. ती भरली की द्रव पेट्रोल वाफेच्या नळीतून चारकोल कॅनिस्टरमध्ये उतरतं, कोळसा भिजतो, पेट्रोलचा वास येत राहतो आणि काही दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागतो.