परत लक्ष्मणफळ

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तेच. कॅन्सरवर लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट भारी, दहा जणांना पाठवा. खाली आपल्याच लोकांचे जोडलेले हात. तिथे काही बोललं की मीच आगाऊ ठरते, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर होता. दुसऱ्या केमोनंतर कुणीतरी लक्ष्मीतरू नावाच्या झाडाची पानं आणून दिली, सोबत गुळवेल. ती पहाटे उठून काढा उकळायची आणि तांब्यात झाकून खिडकीत ठेवायची. तिसऱ्या केमोच्या आधी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे एवढे वाढलेले की डॉक्टर म्हणाले आज सलाईन लावता येणार नाही. तीन आठवडे वाया. अजून काही घेताय का, विचारलं त्यांनी. मावशी म्हणाली, नाही हो. मी शेजारीच बसलेली, तो तांब्या मला माहीत होता, आणि मीही गप्प.

झाडपाल्याला नावं ठेवत नाहीये मी. सदाफुलीपासूनच तर व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध निघालं, लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर आजही देतात, पण ते मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून, गॅसवर पानं उकळून नाही! प्राणायामाने मावशीला झोप लागायची हे मान्य, पण ते डॉक्टरांना विचारून चाललेलं. 2024 मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योत सिंग सिद्धूंनी बायकोचा कॅन्सर कडुलिंब-हळदीने बरा झाल्याचं सांगितलं तेव्हा मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आजी-माजी 262 डॉक्टरांना पत्रक काढावं लागलं की बाबांनो, उपचार थांबवू नका. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन झालेलं, केमोही झालेली, पण फॉरवर्डमध्ये फक्त हळद उरली. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, पण व्हॉट्सॲपवरच्या काकांना कोण अडवणार?

मावशीवर मात्र मला रागावता येत नाही. केस गेले होते, तोंड आलं होतं, पाणीसुद्धा घशाखाली उतरत नव्हतं, आणि त्या सगळ्यात तो काढा एवढीच एक गोष्ट तिच्या हातात होती. खोटं बोलली ती डॉक्टर ओरडतील या भीतीने. शेवटी मीच सांगितलं. ते अजिबात ओरडले नाहीत, म्हणाले पुढच्या वेळी पानं घेऊन या, बघू. बाहेर बाकड्यावर बसून रडली ती.

ज्या काकांनी आज हे पाठवलं, त्यांच्या सुनेची गुरुवारी चौथी केमो आहे. मगाशी तिला फोन केला. हळू आवाजात म्हणाली, ताई, पावडर आणून ठेवलीये घरात, नको म्हटलं तर बाबांना वाईट वाटेल. म्हटलं भांडू नकोस, टाकूनही देऊ नकोस. डबी फाईलच्या पिशवीत ठेव, आणि गुरुवारी आत गेल्या गेल्या डॉक्टरांच्या टेबलावर काढ.