टर्कीबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, मीही मराठीतच लिहितो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात एप्रिलच्या शिकारीच्या हंगामात मिळालेला तुमचा पहिला टर्की, म्हणजे कोंबड्यासारखा मोठा रानपक्षी, कातडी-पिसांसकट टिकवून जिवंत वाटेल असा मांडायला तुम्ही माझ्याकडे दिलात. परत मिळाला तेव्हा पोटाशी पिसं विरळ, शेपटीची तीन तुटलेली, डोकं ‘प्लॅस्टिकचं’. ‘पेंढा भरायचे एवढे पैसे घेऊन पक्ष्याची वाट लावली’ हे तुमचे शब्द. वाचून फार वाईट वाटलं.

आधी माझी चूक सांगतो. तुम्ही पक्षी आणलात तेव्हाच पोटाची कातडी हिरवट पडली होती, पिसं नुसत्या बोटाने निघत होती. मला ते दिसलं होतं. तिथल्या तिथे तुम्हाला दाखवून नाही म्हणायला हवं होतं, पण तुमचा आनंद बघून माझी जीभ रेटली नाही. दहा महिने सांगून बारा घेतले, तोही दोष माझाच.

पण पक्षी माझ्या टेबलावर खराब झालेला नाही. तुम्ही तो रानातच पोट फाडून साफ केलात, दुपारभर काळ्या पिशवीत गाडीत ठेवलात, मग दीड दिवस बर्फाच्या पाण्यात. खायचा असता तर पोट लगेच साफ करणं बरोबरच होतं. भरून घ्यायचा असेल तर मात्र पोटाला सुरी लावायचीच नाही. रक्त पिसांत उतरतं, उबेत आणि ओलाव्यात कातडी कुजते, पिसांची मुळं सुटतात. धुताना पोटाशी आलो तर पिसांचा अख्खा पुंजका हाताला आला. त्यातली जेवढी वाचली तेवढी चिमट्याने एकेक करून चिकटवली. त्याआधी छातीवरची चरबी तारेच्या चाकावर खरवडून काढली होती, कारण ती राहिली तर पुढे तेल सुटून पिसं पिवळी पडतात. पेंढा मी भरत नाही, आत फोमचं धड असतं.

डोक्याचं म्हणाल तर टर्कीच्या डोक्यावर पिसं नसतात, नुसती मांसल कातडी असते. साधी वाळवली तर ती आक्रसते आणि लाल-निळा रंग उडतो. म्हणून मी साच्यातलं डोकं बसवून तुमच्या फोटोवरून रंगवलं. हे तुमच्याशी बोलून ठरलं होतं, फॉर्मवरही आहे.

पुढच्या वेळी पक्षी पडला की फडफडू देऊ नका, पाय धरून उचला. शेपटीची पिसं अठराच असतात आणि बहुतेक त्या झटापटीतच मोडतात. रक्त ओल्या फडक्याने टिपा, तोंडात कागदी रुमालाचा बोळा घाला, डोकं पंखाखाली घ्या. अख्खा पक्षी बायकांच्या नायलॉनच्या लांब मोज्यात सरकवा, म्हणजे पिसं बसलेली राहतात. शेपटीला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावा, हवा काढून दुहेरी पिशवीत बांधा आणि त्याच दिवशी फ्रीझरमध्ये ठेवा.

आता हा पक्षी घेऊन या. शेपटीची तीन पिसं मी दुसऱ्या टर्कीची, त्याच मापाची, दांडीत बारीक तार घालून जोडून देतो. पोटाची कातडी पूर्ववत होणार नाही, पण पुढ्यात सुकं गवत लावलेली लाकडी बैठक करतो, समोरून तो भाग झाकला जाईल. या कामाचे पैसे घेणार नाही. शनिवारी दुकान दुपारपर्यंत उघडं असतं, मी स्वतः असेन.