‘शून्य लावा, विषय संपला’ : फिरत असलेल्या मेसेजला उत्तर

शिक्षकांच्या ग्रुपांवर आणि आता पालकांच्याही ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: दशांश अपूर्णांकांतला लहान-मोठेपणा शिकवायला चित्रं, चौकटी, पट्ट्या यांत वेळ घालवू नका. अंक कमी पडतात तिथे शेवटी शून्य लावा आणि साध्या संख्यांसारखी तुलना करा, दोन मिनिटांचं काम आहे. शेतकऱ्याच्या पोरांना तर पैशांच्या अन्‌ काट्याच्या व्यवहारातून हे आपोआप कळतं. साहित्याला खर्च येतो तो वेगळाच, आणि चित्रांची सवय लागली की पोरं परीक्षेत अडतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गणित शिकवते. शून्याचा नियम बरोबर आहे, तेवढं मान्य. बाकी एकही मुद्दा मला पटत नाही.

आधी ‘दोन मिनिटांचं काम’. ०.४ मोठं की ०.३५, असं विचारलं की बरीच पोरं ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. नियम सांगितला की ०.४० आणि ०.३५ असं लिहून उत्तर बरोबर येतं. पण याच पोरांना आपण खालच्या वर्गात शिकवलेलं असतं की चारापुढे शून्य दिलं की चाळीस होतात. आता तेच शून्य दिलं तर संख्या बदलत नाही म्हणता, तर का बदलत नाही? याचं उत्तर मेसेजमध्ये नाही. कारण न कळता पाठ केलेला नियम चार दिवसांत घसरतो, मग शून्य मध्येच घुसतं आणि ०.४ चं ०.०४ होतं.

दुसरी चूक याहून लपलेली असते. दशांश मोठा, शतांश बारीक, एवढंच धरून काही पोरं ०.४५ पेक्षा ०.४ मोठं मानतात. ही पोरं ०.४ आणि ०.३५ या जोडीचं उत्तर मात्र बरोबर देतात! शिक्षक टिक करून पुढे जातो आणि चूक पोटात तशीच राहते.

आता चौकटी. आमच्याकडे घरोघरी सातबारा असतो आणि त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं. एक हेक्टर म्हणजे १०० आर, आणि एक आर म्हणजे १० मीटर लांब, १० मीटर रुंद तुकडा. म्हणजे चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौकोन आखला की तो एक हेक्टर वावर, आणि त्यातलं एक घर म्हणजे एक आर. ०.४ हेक्टर रंगवायचं तर चार पूर्ण उभ्या ओळी. ०.३५ ला तीन ओळी आणि वर पाच घरं. कोणतं मोठं ते सांगावं लागत नाही. त्या चार ओळींतली घरं मोजली की ४० भरतात आणि रंगवलेला भाग तेवढाच राहतो, म्हणून ०.४ आणि ०.४० एकच. मेसेजमधला नियम इथे पोरांना डोळ्यांनी दिसतो.

मग मी म्हणते, ‘एक हेक्टर पाच आर’ लिहा. निम्मा वर्ग १.५ लिहितो. दोन्ही रंगवायला लावलं की १.०५ मध्ये पाच घरं भरतात, १.५ मध्ये पाच ओळी. फरक ४५ आरचा, म्हणजे एकराहून जास्त. वावराचा एवढा तुकडा कागदावर हरवलेला पाहिला की पोट्टे टिंबापुढचं शून्य विसरत नाहीत.

‘व्यवहारातून आपोआप कळतं’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. पण कापूस वेचणीच्या वेळी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ८.५ दिसत नाही, ८.५०० दिसतं. बिलावर पैसे नेहमी दोन अंकी असतात. म्हणजे शून्य काट्याने आणि बिलाने आधीच लावून दिलेलं असतं, आणि ८.५ व ८.३५ अशी अडचणीची जोडी पोरांसमोर येतच नाही. शिवाय २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आजच्या पाचवीच्या मुलाने पैशांची नाणी फारशी हातात धरलेली नाहीत, रुपयाचा शंभरावा भाग त्याला कुठून उमगणार?

खर्चाचा मुद्दा लवकर संपतो. चौकटीची वही आणि शिंप्याकडचा टेप, एवढंच लागतं. दोन मुलींची उंची भिंतीवर मांडा, १.४ मीटर आणि १.३८ मीटर, आणि टेपवर दोन्ही खुणा पाहायला सांगा.

परीक्षेबद्दल मात्र सावध राहायला हवं. चित्र वाईट काढलं तर नुकसानच होतं: एक चौकोन मोठा, दुसरा लहान काढला तर ०.३५ चा रंग ०.४ पेक्षा जास्त दिसू शकतो. दोन्हींचा पूर्ण भाग सारखाच हवा. आणि चित्र कायम ठेवायचंही नाही. आधी रंगवायचं, मग न रंगवता ओळी-घरं तोंडी सांगायची, मग नुसते अंक.

मेसेज पुढे पाठवण्याआधी या जोड्या तुमच्या वर्गाला नियम न सांगता द्या: ०.४ आणि ०.३५, ०.४ आणि ०.४५, ०.७ आणि ०.०७, ०.५ आणि ०.५०. प्रत्येक उत्तरापुढे ‘कारण’ असं लिहून एक ओळ मोकळी सोडा आणि तपासताना आधी ती ओळ वाचा.