खुलासा: रोबोवरच्या मायेपोटी सैनिक काम टाळतात?
‘अमेरिकी सैनिक रोबोवर इतका जीव लावतात की त्याला बॉम्बजवळ पाठवतच नाहीत, हे संशोधनात सिद्ध झालंय’ हा फिरणारा मजकूर चुकीचा आहे, आणि जीव धोक्यात घालणाऱ्यांवर अन्याय करणाराही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ज्युली कार्पेंटर यांनी बॉम्ब निकामी करणाऱ्या २३ जणांच्या मुलाखती घेतल्या. निष्कर्ष २०१३ मध्ये आले. काहींनी रोबोला नावं दिली होती, तो उद्ध्वस्त झाल्यावर त्यांना राग आला, वाईटही वाटलं. पण त्यामुळे आपले निर्णय बदलत नाहीत, असंच त्यांनी सांगितलं! पुढे कधी तसा परिणाम होईल का, हा प्रश्न कार्पेंटर यांनी मांडला, एवढंच. शिवाय मुलाखतींतून जिव्हाळा समजतो. तो किती, याचा आकडा मिळत नाही.