लिंबूटिंबू, लेव्हल तीन

गेल्या रविवारी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, सख्ख्या बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर मला लिंबूटिंबू करण्यात आलं. करणारा माझा भाचा. वय बावीस. त्याला बदाम सात मी शिकवलं आणि तेव्हा मीही त्याला लिंबूटिंबू केलं होतं, हे मान्य. पण तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि बदामाच्या राजाला 'दाढीवाले काका' म्हणायचा.

झालं असं की दर रविवारी भाच्याच्या घरी चारपाच पोरं जमतात आणि टेबलटॉप रोलप्लेइंग नावाचा प्रकार खेळतात. त्यातला एक तापानं आडवा झाला. बहिणीनं परस्पर माझं नाव दिलं, "नाहीतरी तो घरी नुसता लोळत असतो" या शिफारशीसह. शुक्रवारी भाचा पुस्तक टाकून गेला. "मामा, फक्त चाळून ये."

चाळून? तीनशेच्या वर पानं, पुठ्ठ्याचं बाइंडिंग, मुखपृष्ठावर एक माणूस भलत्याच जनावराच्या अंगावर धावून जातोय. पुस्तकाचं नाव सांगत नाही. असल्या लोकांचे वकील नियम माझ्यापेक्षा नीट वाचत असणार.

आता इथे एक खुलासा. मी गेली बावीस वर्षं पोटासाठी पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं लिहितो. 'सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी भरून हवा काढा' हे महाराष्ट्रात ज्या कुणी वाचलं असेल, त्यातल्या काहींनी ते माझं वाचलंय. आमच्या धंद्यात पहिल्या पानावर एकच गोष्ट असते: आत्ता काय करायचं. पंपाचा शोध कुणी लावला, पंख्याचे प्रकार किती, हे मागे. कारण वाचणारा विहिरीच्या काठावर उभा असतो, वीज दोन तासांनी जाणार असते आणि पत्रक त्यानं ओल्या हातात धरलेलं असतं. या पुस्तकाचा वाचक मात्र बहुधा कुठल्या तरी मठात राहतो आणि त्याला सूर्यास्तापर्यंत काही काम नसतं.

खेळ तसा सोपा आहे. एकजण डीएम होतो, म्हणजे गोष्ट सांगतो आणि समोर काय आहे ते वर्णन करतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करतोय ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. झालं. हे पुस्तकातही आहे, नाही असं नाही. प्रस्तावनेत आहे. पण मी प्रस्तावना वाचत नाही. प्रस्तावना वाचायची सवय मराठी वाचकाला कधी लागलीच नाही, त्याला जबाबदार प्रस्तावना लिहिणारे. मी थेट पहिल्या प्रकरणात गेलो आणि तिथे मला माझी ताकद मोजायला सांगितलं.

ताकद निघाली सोळा. मी खूश. मग कळलं, सोळा कुठे वापरायचेच नाहीत. त्यातून दहा वजा करायचे, उरलेल्याचे अर्धे करायचे, अपूर्णांक आला तर खाली उतरवायचा आणि जे उरेल ते, म्हणजे अधिक तीन, आयुष्यभर वापरायचं. मग सोळा लिहायचे कशाला? तर १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा याच प्रकारातला खेळ निघाला, तेव्हा नेहमीचे तीन फासे टाकून बेरीज करत आणि ती तीन ते अठराच्या मध्ये कुठेतरी येई. म्हणून. आमच्या घरी मिक्सर येऊन पस्तीस वर्षं झाली, तरी पाटा-वरवंटा मागच्या गॅलरीत आहे आणि येताजाता सगळ्यांच्या करंगळ्या ठेचतो. तसं. मी नेमका करंगळी घेऊन तिथेच गेलो.

तरीही दोन रात्री जागून मी एक जादूगार तयार केला. नाव वसंत. पोरांनी 'वसंत द विझर्ड' असं म्हणून एकमेकांकडे पाहिलं, मी लक्ष दिलं नाही. सगळ्यांची माणसं लेव्हल तीनवर, म्हणजे खेळातल्या बढतीच्या तिसऱ्या पायरीवर होती, म्हणून वसंतही लेव्हल तीन. मंत्रांच्या यादीत लेव्हल तीनखाली फायरबॉल होता. मी तो पाठ करून गेलो.

खेळ सुरू झाला. जंगलातली वाट, एका व्यापाऱ्याची बैलगाडी, सहा गोब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. माझी पाळी आली. मी खुर्चीवरून अर्धा उठलो आणि म्हणालो, "फायरबॉल!"

शांतता. मग चकल्या खाणारा मुलगा चकलीसकट हसला.

"काका," निळ्या पोतडीवाला म्हणाला. याच्याकडे मखमली पोतडीत स्वतःचे बावीस फासे आहेत आणि दुसऱ्यानं हात लावला की ते बिघडतात. माझ्या आजीचं सोवळं याहून बरं होतं, निदान ओवळ्यात आलं तर धुऊन परत सोवळं होता यायचं. "काका, तो थर्ड लेव्हल स्पेल आहे."

"मग मी थर्ड लेव्हलच आहे."

"थर्ड लेव्हल स्पेल फिफ्थ लेव्हलला मिळतो."

हे वाक्य पुन्हा वाचा. शांतपणे वाचा. मला ते असं ऐकवण्यात आलं, की जणू पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि यात वैताग आणणारी गोष्ट अशी, की हे खेळ काढणाऱ्यांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यानं १९७८ सालच्या खेळाडूंच्या पुस्तकात चक्क लिहून ठेवलंय, की लेव्हल हा एकच शब्द माणसाला, मंत्राला, राक्षसाला आणि तळघराच्या मजल्यालाही वापरला जातो. माणसाला 'रँक', मंत्राला 'पॉवर', राक्षसाला 'ऑर्डर' म्हणावं असा विचार झाला होता, पण लोकांच्या तोंडी बसलंय म्हणून लेव्हलच ठेवलं. म्हणजे खड्डा दिसला, मोजला, खड्ड्याशेजारी पाटी लावली आणि कंत्राटदार निघून गेला. मी त्याच खड्ड्यात जवळपास पन्नास वर्षांनी पडलो.

तेवढ्यात भाचा मध्ये पडला. मला वाटलं, माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "जाऊ दे रे, मामाला आपण लिंबूटिंबू ठेवू."

टेबलाच्या त्या टोकाला माई बसल्या होत्या. माई म्हणजे बहिणीच्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. रात्री डाळिंब्यांची उसळ होती, म्हणून त्या मोड आलेले वाल सोलत होत्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे, की भिजलेला वाल चिमटीत दाबला की सालातून टुणकन उडतो आणि कुठे पडेल ते सांगता येत नाही. दोन आमच्या नकाशावर पडले. डीएम मुलगी समजूतदार. गोब्लिनच्या बाहुल्या आजाऱ्याच्या घरी राहिल्या होत्या, म्हणून तिनं माईंकडून आणखी चार वाल मागून घेतले आणि त्यांचेच गोब्लिन केले.

"परत द्या हं," माई म्हणाल्या. "मोजून भिजवलेत." मग जरा वेळानं, हातातलं काम न थांबवता, "हे कुठलं गाव गं?"

"गाव नाही आजी, जंगल आहे. या गोब्लिननी गाडी अडवलीय."

"कुणाची?"

"एका व्यापाऱ्याची."

"माल काय आहे?"

डीएमनं तिच्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड पाहिलं. तिथे बहुधा काही लिहिलेलं नव्हतं. "अं... किराणा."

"मग उपाशी असतील मेले. चोर सोनं सोडून किराणा नेत नाहीत. आधी विचारा त्यांना, जेवलात का."

"आजी," पोतडीवाला म्हणाला, "तुमचं कॅरॅक्टर नाहीये. तुम्ही ॲक्शन घेऊ शकत नाही."

"मी कुठे काय घेतलंय? माझे सहा दाणे तुम्ही घेतलेत."

डीएमला हसू आवरेना. ती म्हणाली, चला, विचारलं असं धरू, आजी, फासा टाका. माई म्हणाल्या, माझे हात ओले आहेत, तूच टाक आणि मला सांग. तिनं टाकला. सतरा आले. गोब्लिन बसले. खरंच बसले, डीएमनं सहाही वाल नकाशावर आडवे केले.

पोतडीवाल्याला हे मान्य होईना. त्यानं पुस्तक ओढलं आणि मागची सूची उघडली. 'मन वळवणे' सापडलं, पुढे पानाचा आकडा नाही, 'पाहा: संवाद'. 'संवाद' सापडलं, 'पाहा: क्षमता'. क्षमतेखाली सतरा नोंदी. माझं आणि सूचीचं आधीच वाजलेलं होतं. पाच नंबरच्या खिडकीवर जा, तिथून तीन नंबरच्या, तिथला माणूस जेवायला गेलाय, असं ते प्रकरण. फक्त इथे पुस्तकाचे पैसेही आपणच दिलेले असतात. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटांनी त्याला नियम सापडला. नियम असा होता: अशा प्रसंगी डीएमने ठरवावे.

तोवर माईंनी व्यवहार पुरा केला होता. एक पोतं तांदूळ गोब्लिनना, बदल्यात गाडी वेशीपर्यंत पोचवायची आणि बैलांना मारायचं नाही. वेतन नाही, पण दुपारचं जेवण. डीएम भराभर लिहून घेत होती. "पुढचे तीन सेशन यावरच काढते," ती म्हणाली. चकलीवाल्यानं पहिल्यांदा तोंड उघडून काही विचारलं, ते माईंना: "आजी, माझा योद्धा काय करू?" वसंत द विझर्ड काय करतोय, हे कुणीही विचारलं नाही.

मी कुरकुरलो. म्हटलं, माई, हे पुस्तकच वाईट लिहिलंय, दोन रात्री वाचून मला काही कळलं नाही.

माईंनी चष्म्यावरून पुस्तकाकडे पाहिलं. "मामा, यात विचारणारं कुणी नाही का?"

"म्हणजे?"

"कहाणीत असतं ना. आदित्यराणूबाईची घ्या. तो ब्राह्मण रानात जातो, त्याला काही ठाऊक नसतं. नागकन्या, देवकन्या वसा करत असतात. तो विचारतो, काय गं बायांनो, कसला वसा वसता, तो मला सांगा. म्हणून तर आपल्याला कळतं."

आणि एक वाल उडून माझ्या चहात पडला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. आपल्या श्रावणातल्या कहाण्या म्हणजे अव्वल दर्जाची माहितीपत्रकं आहेत, हे धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. विचारणारा अडाणी, म्हणजे आपण. आधी इशारा: उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. त्यानं कबूल करायचं, उतत नाही, मातत नाही. मग कृती, क्रमानं: कधी, कुठल्या वारी, विड्याच्या पानावर काय काढायचं, मंडलाच्या रेघा सहा, सुताचे पदर सहा, गाठी सहा. शेवट कसा करायचा तेही. मध्येच चुकल्यावर काय होतं, त्याचं उदाहरण राणीच्या रूपानं. सहा पदर का, पाच का नाहीत, यावर चर्चा नाही. कुठेही 'पाहा: तांतू' नाही.

हे त्या लोकांनाही एकदा जमलं होतं. १९७४ च्या पेटीत तीन पुस्तिका होत्या आणि वाचणाऱ्याकडे लढायांच्या खेळाचं आणखी एक नियमपुस्तक आणि भलत्याच कंपनीचा एक पटावरचा खेळ आधीच असावा अशी अपेक्षा होती. म्हणजे शेजाऱ्याकडून पातेलं आणा, मग पाककृती सुरू. १९७७ साली ते नवख्यांसाठी सोपं करून लिहायचं काम एरिक होम्स या माणसानं अंगावर घेतलं. हा पेशानं मेंदूविकारतज्ज्ञ. योग्यच माणूस म्हणायचा. पण खरी गंमत १९८३ च्या लाल पेटीत आहे, फ्रँक मेंट्झरनं लिहिलेल्या. ती उघडली की नियम नाहीतच. तू योद्धा आहेस, गुहेत चाललायस, हा साप आला. साप चावला, की जखम कशी मोजतात ते कळतं. पुढे अलीना नावाची बाई भेटते, जखमा बऱ्या करते, बोलता बोलता चार गोष्टी शिकवते आणि मग बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारून टाकतो. चाळिशी-पन्नाशीतले खेळाडू अजून त्या बार्गलवर दात खाऊन आहेत म्हणे. नियम असे लक्षात राहतात. मला ती पेटी कुणी दिली नाही. मला 'चाळून ये' म्हणाले.

मी हे सगळं टेबलावर मांडलं. पोतडीवाला म्हणाला, "काका, आम्ही पण असेच शिकलो." खोटं. साफ खोटं. भाच्यानंच नंतर कबूल केलं, की त्यांच्यातल्या एकानंही पुस्तक पुरं वाचलेलं नाही. सगळे व्हिडिओ बघून आणि आधीच्या मुलांशेजारी बसून शिकले, पहिले दोन महिने चुकीचं खेळले आणि पुस्तक फक्त भांडणाच्या वेळी उघडतात. मग मला का वाचायला लावलं? आपण ज्या दारातून आलो ते पाहुण्याला न दाखवता त्याला भिंतीवरून चढायला सांगायचं, आणि तो पडला की वर तोंडावर हात ठेवून हसायचं. ही खोड काही या खेळापुरती नाही. बँकेत आहे, सोसायटीच्या सभेत आहे, आमच्या कंपनीत माझ्यानंतर लागलेल्या पोराला मी स्वतः... ते जाऊ द्या.

साडेआठला खेळ आवरला. माईंनी गोब्लिन मोजून घेतले. पाच. एक कमी. सगळे टेबलाखाली शिरले, सतरंजी झटकली. शेवटी माई उठल्या, पोतडीवाल्याची मखमली पोतडी पुढ्यात ओढली आणि त्यात मनगटापर्यंत ओला हात घातला. बावीसच्या बावीस फासे खळखळले. त्याचा चेहरा पाहायला हवा होता. माईंनी वाल काढला, दिव्यासमोर धरून पाहिला, धुतला आणि पातेल्यात टाकला. उसळ चांगली झाली होती.

वसंतचा कागद मी घरी घेऊन आलो. वर नाव, शेजारी लेव्हल तीन आणि त्यापुढे कंसात भाच्याच्या अक्षरात 'लि. टिं.' पेन्सिलनं लिहिलंय, म्हणून काल रात्री खोडरबर शोधून खोडलं. दाबून लिहितो कार्टा. दिव्याखाली तिरपं धरलं की अजून वाचता येतं.