रस्त्यावरचं पाणी कुणाचं?

मुंबईत रस्त्यातून पाणी वर येताना दिसलं की आरडाओरडा करण्याआधी त्याचा वास घ्या, असं मी भेटेल त्याला सांगतो. वास नसेल तर ते जलअभियंता खात्याचं, नाक धरावं लागलं तर मलनिःसारणाचं, आणि आभाळातून आलं असेल तर पर्जन्य जलवाहिन्यांचं. नाकाने निकाल दिला नाही, तर नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतात. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे जलवाहिनीच गळतेय. गोम अशी की सांडपाण्यात मिसळल्यावर क्लोरीन संपून जातं. मग पालिकेचंच शुद्ध पाणी चाचणीत नापास होऊन बेवारस ठरतं.

तक्रार पालिकेच्या १९१६ या फोन क्रमांकावर करा किंवा विभाग कार्यालयात. विभाग मात्र आपलाच हवा. ते ए पासून टी पर्यंत आहेत; मधले आय, जे, ओ, क्यू गायब, आणि जी, एच, आर वगैरेंना दिशांच्या शेपट्या. विभागाचे प्रमुख सहायक आयुक्त. जलकामांचे अभियंते त्यांच्याच इमारतीत बसतात, पण त्यांचं खातं वेगळं, साहेबही वेगळे. रस्त्याच्या डागडुजीसाठी परिरक्षणवाले, ते आणखी तिसरे.

सहायक आयुक्तांच्या वर परिमंडळाचे, म्हणजे काही विभागांच्या गटाचे, उपायुक्त, मग अतिरिक्त आयुक्त, मग आयुक्त. "थेट महापौरांनाच गाठतो" म्हणणाऱ्यांची मला कीव येते. १८८८ च्या पालिका कायद्याने कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्तांना दिलाय, आणि आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. महापौरांच्या वाट्याला अडीच वर्षं आणि २२७ नगरसेवकांना शांत बसवण्याचं काम. पैशाच्या किल्ल्या स्थायी समितीकडे, म्हणून खरी चुरस तिच्या अध्यक्षपदासाठी! मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारेही तेच, मंजूर करणारेही तेच. इतकं एकमत त्या सभागृहाने क्वचितच पाहिलं असेल.

तर तक्रार लिहिताना नुसतं 'पाणी येतंय' लिहू नका. स्वच्छ की घाण, किती वाजता येतं, नळाची वेळ संपल्यावर थांबतं का, हे लिहा. पुरवठ्याच्या वेळेतच उसळत असेल तर गळतीचा संशय पक्का. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि खोदण्याआधीच रस्त्याचा फोटो काढा. कारण जलवाहिनी दुरुस्त झाली की तुमची तक्रार निकाली निघते. उघडा राहिलेला चर ही वेगळी तक्रार, वेगळ्या खात्याकडे.