सोळा इंची हट्ट

आमच्या घरच्या गाडीचे पुढचे दोन टायर गुळगुळीत झालेत, हे बायको मला ऑक्टोबरपासून सांगते आहे. मी ‘बघतो’ म्हणतो. आणि खोटं कशाला बोलू, त्याच ऑक्टोबरपासून मी रोज संध्याकाळी दोन-दोन तास टायरच बघतोय. फक्त आमचे नाही, शेजाऱ्यांचे. आणि शेजाऱ्यांना ते गुळगुळीतच हवेत.

आम्ही बेकर्सफील्डला राहतो. कॅलिफोर्निया म्हटलं की साताऱ्याच्या नातेवाइकांना समुद्र आणि सिनेमातले लोक दिसतात. आमच्या वाट्याचा कॅलिफोर्निया म्हणजे तेलाच्या विहिरींवर दिवसभर माना हलवणारे पंप, बदामाच्या बागा, आणि थंडीत स्वतःच्या गाडीचं बॉनेटसुद्धा दिसू नये असं धुकं. गावाच्या उत्तरेला फमोसो नावाची सरळसोट पट्टी आहे. तिथे १९५९ पासून दर वर्षी ‘मार्च मीट’ नावाची ‘ड्रॅग’ शर्यत भरते. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा लागतो, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, आधी कोण जातं ते बघायचं. वळण नाही, घाट नाही, ओव्हरटेक नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, संपलं? हो, संपलं होतं.

पलीकडच्या घरातले गृहस्थ ७४ वर्षांचे आहेत. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नावाने हाक मारायला हवी, पण बापाच्या वयाच्या माणसाला ते माझ्या जिभेला जमत नाही, म्हणून मी ‘काका’ म्हणतो. ‘काका’ म्हणजे आमच्याकडे हेडमेकॅनिकला म्हणतात, अशी त्यांची समजूत आहे. मी ती मोडलेली नाही.

काकांनी गॅरेजमध्ये ‘स्लिंगशॉट’ बांधायला घेतली आहे. स्लिंगशॉट म्हणजे गोफण, आणि नाव अगदी चपखल आहे. पुढे सायकलीसारखी दोन बारीक चाकं, मग लांबच लांब नळ्यांचा सांगाडा, मग इंजिन, मग मागची दोन अगडबंब चाकं, आणि त्यांच्याही मागे, सगळ्यात शेवटी, गोफणीतल्या दगडासारखा ड्रायव्हर. त्याच्या दोन्ही तंगड्या मागच्या अ‍ॅक्सलवरून पुढे टाकलेल्या, दोन्ही कोपरांशी फिरते टायर, आणि ज्या यंत्राचा स्फोट व्हायची भीती ते नाकासमोर. १९७० च्या मार्चमध्ये लाँग बीचजवळच्या लायन्स नावाच्या अशाच पट्टीवर डॉन गार्लिट्स या नामांकित ड्रॅग-ड्रायव्हरच्या गाडीचा गिअरबॉक्स असाच फुटला आणि त्याच्या उजव्या पावलाचा तुकडा गेला. पुढच्या वर्षी तो इंजिन पाठीमागे टाकलेली गाडी घेऊन आला आणि पोमोनाची शर्यत जिंकला. थोड्याच वर्षांत अव्वल शर्यतींतून पुढच्या इंजिनाच्या गाड्या हद्दपार झाल्या. आता शहाण्या माणसाने यातून काय बोध घ्यावा? काकांनी असा घेतला की १९७० च्या आधीचंच खरं.

त्यांना नेमकं १९६६ हवं आहे. तेव्हा ते सोळा वर्षांचे होते आणि थोरल्या भावाबरोबर लायन्सला जायचे. त्यामुळे आम्ही गाडीला चाकं निवडत नाही, तिथल्या एका संध्याकाळी सोळा वर्षांच्या पोराला कुंपणाच्या तारेतून, टायरच्या धुरात, जे दिसलं ते निवडतो. तो धूर आता तपासायला मिळत नाही, ही अडचण आहे.

मी यात कसा अडकलो? ऑक्टोबरात एकदा कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला गेलो होतो. काका म्हणाले, ‘तू इंजिनीअर ना?’ मी हो म्हटलं. मी पंपाचा इंजिनीअर, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत माझ्या हातात मोजपट्टीचं एक टोक आलं होतं.

पहिले पंधरा दिवस भोकांत गेले. चाक ज्या पाच बोल्टांवर बसतं, त्यांच्या वर्तुळाचा व्यास कुठे साडेचार इंच, कुठे पावणेपाच, कुठे पाच. काकांचा अ‍ॅक्सल एका गाडीचा, त्यातले दांडे दुसऱ्याच गाडीचे, आणि मनात भरलेली चाकं तिसऱ्याच मापाची. मग चाक आत किती घुसतं ते माप, साडेतीन की पावणेचार, कारण जास्त घुसलं तर टायर सांगाड्याला घासणार आणि सांगाड्याच्या आत काकांचं कोपर आहे. काका कागदावर अपूर्णांक मांडून छेद समान करत बसायचे. आजोबांनी मला लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी छडी घेऊन पाठ करायला लावली होती. दशमान पद्धतीच्या देशात चाळीस वर्षं निरुपयोगी पडून राहिलेली ती विद्या बेकर्सफील्डच्या गॅरेजात अशी काही उसळून आली की विचारू नका. ‘सव्वातीन आणि पाऊण, चार!’ मी तोंडी सांगायचो. काका कॅल्क्युलेटर काढून ताडून बघायचे आणि माझ्याकडे आदराने पाहायचे. तिथेच माझी मान सापडली. कौतुक फार वाईट.

मग टायर. मागचे टायर म्हणजे ‘स्लिक’, नक्षी अजिबात नाही, नुसतं मऊ रबर. सुरुवातीच्या काळात जुन्या टायरवर सपाट रबर चढवून काम भागवायचे, आपल्याकडे एसटीचे टायर रिमोल्ड करतात तसंच. मग मॅसॅच्युसेट्समधल्या मार्व्हिन आणि हॅरी या मुलगा-बापाने खास ड्रॅगसाठी टायर काढले. त्यांचं ‘एम अँड एच’ हे नाव काका असं उच्चारतात की मला तिथे हात जोडावेसे वाटतात. यातही दोन घराणी. जुन्या टायरची बाजू कडक आणि कडेला खाचाखाचांची किनार. इंग्रजीत तिला ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या पदार्थाची कड म्हणतात, पण तो टायर आमच्या बायकोने लांबूनच पाहिला आणि म्हणाली, ‘अगोबाई, करंजीची मुरड!’ नंतर साठीच्या उत्तरार्धात आला तो चुणीदार टायर. त्याची बाजू इतकी लुसलुशीत की गाडी सुटताना तिच्यावर निऱ्या पडतात, टायर जमिनीला घट्ट धरतो, आणि मग वेग आला की फुगून उंच होतो. यात हवा किती, तर सात-आठ पौंड! आमच्या घरच्या गाडीत तेहतीस असते. एवढ्या कमी हवेत टायर जागेवर राहून आतली रिमच गरकन फिरू नये म्हणून टायरला चक्क स्क्रू मारून रिमला जखडतात. टायरमध्ये खिळा गेला की आपण पंक्चरवाला शोधतो. हे लोक मोजून मारतात.

चुणीदार टायर जास्त पकडतो, हे काकांना मान्य आहे. पण १९६६ मध्ये अर्धं जग करंजीवर होतं, आणि काकांच्या आठवणीतल्या गाडीच्या टायरला निऱ्या होत्या की मुरड होती हे काही आठवत नाही. त्यांनी भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, ‘मी त्या दिवशी पोरींकडे बघत होतो.’

उंचीचा घोळ वेगळाच. काकांच्या गोफणीला गिअर नाहीत, इंजिन थेट मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेलं. म्हणजे टायरचा व्यास हाच गिअर. ताशी मैलांना अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराने (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे, ते) गुणा, वर ३३६ ने गुणा, टायरच्या इंचांनी भागा, की इंजिनाचे मिनिटाचे फेरे आले. ताशी १५० मैल आणि ३.९० चं गुणोत्तर धरलं तर ३० इंची टायरवर ६५५२ आणि ३३ इंचीवर ५९५६. तीन इंचांनी सहाशे फेऱ्यांचा फरक! हे गणित मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने मांडलं, ते अजून तिथे आहे. शिवाय डावा आणि उजवा टायर एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून निघालेला असला तरी परीघ सारखा असेलच असं नाही. दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली, त्यामुळे परीघ थोडा कमी-जास्त झाला की गाडी सरळ जायची सोडून भिंतीकडे ओढणार. म्हणून हवा भरून, एक दिवस मुरवून, टेपने मोजून जोडी लावायची. लग्न जमवणाऱ्यांनीही एवढं मोजू नये.

नोव्हेंबरात काकांना जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मॅग्नेशियमची सोळा इंची चाकांची जोडी मिळाली. पुण्याच्या जुन्या बाजाराची ही अमेरिकन मावसबहीण, इथेही विकणारा ‘आजच आलंय बघा’ म्हणतो. शर्यतवाल्यांना मॅग्नेशियमचं वेड, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या दोनतृतीयांश वजनात काम होतं. मला मॅग्नेशियम म्हटलं की शाळेतला प्रयोग आठवतो. बाई चिमट्यात फीत धरून पेटवायच्या आणि आम्ही सगळे तो पांढरा उजेड डोळ्यांत घेऊन घरी जायचो. तर त्या धातूची चाकं. अंगावर पांढरी पावडर, मिठात घोळवल्यासारखी. काका त्यांच्याकडे बघत होते ते बघून मला माझ्या धंद्याची आठवण झाली.

‘काका,’ म्हटलं, ‘आधी तडा बघू.’

पंपाच्या पात्यांना तडे आहेत का ते बघायची आमची एक पद्धत आहे, तीच केली. चाक धुऊन कोरडं केलं. त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव फवारला आणि पंधरा मिनिटं दोघंही न बोलता बसलो. मग रंग फडक्याने स्वच्छ पुसला, चाक पुन्हा राखाडी झालं. काका म्हणाले, ‘काही नाही.’ मी म्हटलं, थांबा. वरून पांढरी पूड फवारली, चुना लावल्यासारखी. एक मिनिट काही दिसेना. मग एका बोल्टच्या भोकापासून एक बारीक लाल रेघ हळूहळू उमटायला लागली, थेट भांगात कुंकू भरल्यासारखी, आणि बघता बघता बोटभर लांब होऊन शेजारच्या आऱ्यात शिरली. काकांनी पूड पुसली. पुन्हा फवारली. रेघ पुन्हा तिथेच.

विकणारा तोपर्यंत आपला तंबू गुंडाळून गेला होता. त्यातलं तडा गेलेलं चाक सध्या आमच्या मागच्या अंगणात तुळशीच्या कुंडीखाली आहे. संध्याकाळी बायको तिथे निरांजन ठेवते आणि मी आतून ओरडतो, ‘मॅग्नेशियम आहे ते!’ एवढा जाड ठोकळा निरांजनाने पेटत नाही हे मला माहीत आहे. पण शाळेतली ती फीत डोळ्यांपुढून जात नाही.

डिसेंबर पुढच्या चाकांना दिला. हे मात्र सुखाचे दिवस होते. पुढच्या चाकांना या गाडीत ब्रेकसुद्धा नसतो, काम काय तर दिशा दाखवायची, आणि सुटताना जमिनीवर टेकलो आहोत असं भासवायचं. एकतर ओतीव बारा आऱ्यांची चाकं घ्या, नाहीतर तारांची. काकांनी तारांची घेतली आणि ती किंचित डुलत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तासाने सायकल भाड्याने देणारं दुकान होतं. चाकाचा आऊट कसा काढतात हे मी तिथे उकिडवा बसून अख्खी सुट्टी पाहिलं होतं. खडू धरायचा, चाक फिरवायचं, जिथे खडू लागेल तिथली समोरची तार आवळायची, अलीकडची सैल करायची, पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तीन संध्याकाळी लागल्या. शेवटी खडूची रेघ चाकाला गोल, सलग लागली तेव्हा काकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की हातातला खडू मोडला. त्यावर टायरचे पर्याय मात्र दोनच. एक ड्रॅगसाठीच केलेला, सुरक्षित आणि दिसायला अगदी निरुपद्रवी. दुसरा मोटारसायकलचा, बुलेटच्या पुढच्या चाकाला असतो तसा उभ्या रेघांचा, पण अंगावर ‘एच’ अक्षर, म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. आणि १५० मैल म्हणजे २४१. इथे मी इंजिनीअर म्हणून पाय रोवले आणि ड्रॅगचाच घ्यायला लावला. काका आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होते.

आता उरली मागची रिम. एका विक्रेत्याने फोनवर सरळ सांगितलं, पंधरा इंची घ्या. पंधरा इंचीत हव्या त्या मापाचे स्लिक मिळतात, स्वस्त मिळतात, गुरुवारी घरी येतील. सोळा इंची मुद्दाम बनवून घ्यावी लागेल, पैसे दीडपट, टायर मोजकेच, आणि हातात पडायला मे उजाडेल. मार्च मीट पाच आठवड्यांवर होती. बाहेर बदामाला कळ्या आल्या होत्या.

काका फोन हातात धरून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, ‘जाऊ दे. पंधरा घेऊ. मी चौऱ्याहत्तरचा आहे. फरक तो कितीसा, चहूबाजूंनी अर्धा इंच. धुरात कुणाला दिसतोय?’

बरोबर होतं ते. ऑक्टोबरपासून मी हेच म्हणत होतो. चार महिने मी या माणसाला व्यवहार शिकवत होतो आणि आज तो शिकला होता. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं.

‘मुळीच नाही,’ मी म्हणालो. ‘पंधराची रिम दिसेल बशीएवढी आणि टायर दिसेल वड्यासारखा. ६६ साली अशी गाडी लायन्सच्या फाटकातून आत तरी घेतली असती का?’

‘आणि मार्च?’

‘मार्च काय, दर वर्षी येतो.’

काकांनी मला नीट न्याहाळलं. मग फोन कानाला लावला आणि सोळा म्हणाले.

घरी आलो तर बायको दारातल्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसलेली, हातात एक सेंटचं नाणं. इथे टायर झिजला का ते असंच बघतात. नाणं उलटं करून लिंकनचं डोकं टायरच्या खाचेत घालायचं. डोकं थोडं बुडलं तर चालेल, सगळं दिसलं तर टायर बदला.

‘अख्खा दिसतोय,’ ती म्हणाली. ‘केसांसकट. बघ, बघ.’

मी खाली वाकलो, चष्मा वर केला, नीट पाहिलं.

‘नाणं कुठल्या सालचं आहे?’ मी विचारलं.